लसीच्या रांगेतल्या तीन सान्वी

पार्श्वभूमी

एका बाळाच्या नावाचं हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विट्यापासून गाडीवर वीसेक मिनिटांचं गाव. गावाचं आणि घरातल्या मोठ्या माणसांचं नाव देत नाही. बाळाची नावं तेवढी घरच्यांना विचारून तशीच ठेवली आहेत. ती झाकली तर सांगायला काही उरतच नाही.

मी इथल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. बाळाचा बाप माझा विद्यार्थी. त्याच्या वर्गात त्याच्या नावाचे चौघे होते आणि गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच. हजेरी घेताना मी त्यांना आळीवरून ओळखायचे. हा 'खालच्या आळीचा'. ही गोष्ट या प्रकरणात सर्वांत आधी आठवायला हवी होती, आणि ती मलाच आठवली नाही.

घरात आजोबा, आजी, हे दोघं नवराबायको. तो एका पतसंस्थेत वसुलीला. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून दीड एकर ऊसही आहे. ती डी. फार्म. झालेली, विट्यात औषधांच्या दुकानात. पहिलं बाळंतपण माहेरी, सातारा जिल्ह्यात. जून २०२४ मध्ये मुलगी झाली. जन्म जिथं होतो तिथंच त्याची नोंद होते, त्यामुळं कागदाची सगळी कामं माहेरच्या तालुक्याच्या गावी. दवाखान्यानं २१ दिवसांच्या मुदतीत जन्म कळवला. बारसं व्हायचं असल्यानं नावाचा रकाना कोरा राहिला.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं: सान्वी. घुगऱ्या वाटल्या. नक्षत्र शततारका, दुसरं चरण, म्हणून अक्षर 'सा'. नाव आईनं मोबाईलवरच्या यादीतून काढलं होतं. अर्थ 'लक्ष्मी' असा लिहिला होता. संस्कृत शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना मी हा अर्थ विचारला, तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ऐकायला गोड आहे."

अडचण

साडेतीन महिन्यांच्या लसीला ती बाळाला घेऊन उपकेंद्रात गेली. सिस्टरनी हाक दिली, "सान्वी!" तर तिघी आया उठल्या. सिस्टर हसल्या, बाकीच्या बायका हसल्या. ती मात्र घरी येऊन गप्प झाली. संध्याकाळी दोघं माझ्याकडं आली.

"बाई, रेशनच्या रांगेत नंबर पुकारावा तसं झालं हो," ती म्हणाली. "मी चार महिने शोधून नाव काढलं, आणि ते सगळ्यांनीच काढलंय."

तो जरा चिडलेला होता. त्याचं म्हणणं, बारसं झालंय, लोकांना घुगऱ्या वाटल्यात, आता काय. पण त्यानंही रात्रभर मोबाईल चाळला होता. त्याला अमेरिकेची यादी सापडली होती. तिथलं सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी बाळांची नावं आकड्यांसकट जाहीर करतं. १८८० सालापासूनचे आकडे आहेत आणि वर्षात किमान ५ बाळांना ठेवलेलं नाव त्यात येतं. १९७० ते १९८४ सलग पंधरा वर्षं मुलींमध्ये जेनिफर पहिलं होतं. तो म्हणाला, "बघा, पंधरा वर्षांच्या सगळ्या जेनिफरच! तसं होईल हिचं."

त्याच यादीत पुढं बघ, मी म्हटलं. १८८० साली तिथं शंभरातल्या सात मुलींचं नाव मेरी होतं. २०२३ साली पहिल्या आलेल्या ऑलिव्हियाचा वाटा शंभरात एकही पुरा भरत नाही. पहिला नंबर तोच, पण वर्गात त्या नावाच्या किती पोरी भेटतील हे पार बदललेलं. आणि आपल्याकडं अशी सरकारी यादी निघतच नाही. मोबाईलवर 'यंदाची टॉप शंभर मराठी नावं' म्हणून जे फिरतं, ते कुणी, कुठल्या गावात जाऊन मोजलं, हे तिथं लिहिलेलं नसतं.

तरी तिचं दुखणं खोटं नव्हतं. तिला देशात किती सान्वी आहेत याच्याशी घेणंदेणं नव्हतं. उपकेंद्राच्या ओसरीवर तीन होत्या, ते लागलं होतं.

सगळ्या सान्वीपाशीच का पोहोचल्या, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. 'सा' अक्षर आलं की सारिका, साधना, सावित्री या आजीच्या आणि आत्याच्या वयाच्या, म्हणून बाद. साक्षी आणि सायली प्रत्येकीच्या नात्यात एकेक आधीच असते. नाव दोन-तीन अक्षरी हवं, जोडाक्षर असलं तर बरं, शेवट 'ई'कारान्त. एवढ्या चाळण्या लावल्यावर हातात दोन-चार दाणे राहतात, आणि मोबाईल सगळ्यांना त्यातला वरचाच दाणा दाखवतो. प्रत्येक आई आपापल्या घरी, एकटीनं, खास शोधून त्याच नावाशी येते. आमच्या काळी हे काम सिनेमा आणि कॅलेंडर करायचे. शाळेच्या जनरल रजिस्टरची पानं उलटली की ते दिसतं: एका काळात सुनंदा, मंगल, शोभा, मग रूपाली, वैशाली, सारिका, मग ऐश्वर्या, साक्षी, प्रतीक्षा. शाईसुद्धा बदललेली नसते तोवर नावांची लाट बदलते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सान्वीच ठेवण्याचा. बारसं झालेलं, घरभर हाक रुळलेली. माझा कल इकडंच होता, आणि त्याला एक कारण शेजारच्या साताऱ्यातलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेनं २८५ मुलींचा नामकरण सोहळा केला होता. या सगळ्या 'नकोशी', 'नकुसा' नावाच्या पोरी. मुलगा हवा असताना झालेल्या. त्यांना आपलं नाव आपण निवडायला सांगितलं, तेव्हा काहींनी ऐश्वर्या, वैशाली अशी चारचौघींत असतात तशीच नावं घेतली. जगात एकट्या आपलंच असं नाव त्यांच्याकडं आधीच होतं. त्यांना बाकीच्या पोरींसारखं नाव हवं होतं. हे मी तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते खरं, पण माझी पोरगी नकोशी नाही ना, बाई." बरोबर होतं तिचं.

दुसरा पर्याय कुठंच न सापडणारं नाव काढण्याचा. तिनं सात-आठ काढलीही: साईवी, सान्विका, साश्रिया वगैरे. आजोबांनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "ह्यातली औषधं कुठली आन् नावं कुठली?" ती स्वतः औषधांच्या दुकानात बसणारी, तीही हसली. माझी हरकत वेगळी होती. अशा नावाचं लिखाण ठरलेलं नसतं. मराठीत ऱ्हस्व की दीर्घ, इंग्रजीत एक 'ए' की दोन, 'व्ही' की 'डब्ल्यू', प्रत्येक जण आपल्या मनानं लिहितो. शाळेत शेवटच्या वर्षांत माझा निम्मा वेळ यात जायचा. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं. 'अपार' आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढताना नाव आधारशी जुळलं नाही की अर्ज अडकतो.

तिसरा पर्याय आत्याचा. तिचा नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा; कोइम्बतूरला त्याचं दुकान. आपल्या भागातली ही मंडळी भारतभर पसरली आहेत. आत्या फोनवर ठाम होती, की नाव एकदम वेगळंच पाहिजे. मला आधी तो हट्ट वाटला. मग कळलं की तिच्या पोरांना तिकडच्या शाळेत आडनावच नाही; बापाच्या नावाचं एक आद्याक्षर आणि पोराचं नाव, बस्स. तिथं सगळा भार एकट्या नावावर येतो, त्यामुळं सारखं नाव तिथं जास्त बोचतं. तिच्या गावात तिचं बरोबर होतं. आपल्याकडं नावाला बापाचं नाव आणि आडनाव जोडून येतं. शिवाय राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि महसुली कागदांवर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. चार नावं एकासारखी एक जुळणं अवघड, असं मी तेव्हा म्हणाले.

चौथा पर्याय आजोबांनी काढला, तोही सहज, पानाला चुना लावता लावता. "माझ्या आईचं नाव 'सा'नंच हाय की. सारजा."

सारजा म्हणजे शारदा. जुन्या वाड्यांत एक तरी सारजा असायचीच. त्या काळची ती सान्वीच म्हणा. आजोबांना नावामागं गोष्ट पाहिजे होती. त्यांनी देवराष्ट्र्याचा दाखला दिला. यशवंतराव चव्हाण १९१३ साली तिथं जन्मले तेव्हा आई बाळंतपणात अडली होती. सागरोबाला साकडं घातलं, यश आलं, म्हणून यशवंत. "तसं कायतरी असावं नावात," ते म्हणाले.

सुनेनं तोंड वाकडं केलं नाही, पण नाव तिला जुनाट वाटलं. खरी अडचण आजीची निघाली. "आवं, माझ्या सासूचं नाव. मी जल्मात घेतलं न्हाई. आता पोरगी खोड्या करायला लागल्यावर 'सारजे, थांब तुला दावते' आसं म्हणू व्हय?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. म्हाताऱ्यांची नावं नातवंडांना ठेवून सुनांनी 'बाळ', 'आक्का', 'अण्णा' अशी हाक मारायची, ही वाट आपल्याकडं याच अडचणीतून पडली. आपल्या भागातल्या किती तरी पुढाऱ्यांना लोक कागदावरच्या नावानं ओळखतच नाहीत, आबा-बापू-नाना म्हणूनच ओळखतात, त्यातही थोडा वाटा या चालीचा असावा असं माझं आपलं मत.

काय केलं

घाई नव्हती. जन्मनोंदीत नाव घालायला १२ महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. आम्ही दिवाळी जाऊ द्यायचं ठरवलं.

मधल्या काळात मी मोजणी केली. अंगणवाडी सेविकेकडून यादी पाहिली: पाच वर्षांखालच्या मुलींत आणखी एकच सान्वी, हिच्यापेक्षा मोठी. उपकेंद्रातल्या बाकीच्या दोघी शेजारच्या वाड्यांवरच्या, त्यांची शाळा वेगळी. म्हणजे हिच्या वर्गात दुसरी सान्वी असण्याचा संभव थोडा. मी तसं सांगितलं: ठेवा सान्वी, काही बिघडत नाही. ती बरीच सावरली. जानेवारीत नाव घालून टाकायचं ठरलं.

निर्णय फिरला तो जानेवारीत, आशाताईंमुळं. त्या लसीचं कार्ड तपासायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "ह्या नावाचं सगळंच्या सगळं एक कार्ड माझ्याकडं वरच्या आळीचं हाय. गेल्या टायमाला मी तुमचं समजून त्येंच्या घरी जाणार हुते."

वरच्या आळीला बाळाच्या बापाच्याच नावाचा, त्याच आडनावाचा माणूस. माझ्या हजेरीतल्या चौघांतला दुसरा. त्याची पोरगी २०२२ ची, नाव सान्वी. ती विट्याला इंग्रजी शाळेच्या नर्सरीत बसनं जाते, म्हणून अंगणवाडीच्या यादीत ती आलीच नव्हती. मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, चारही सारखं.

मी अजूनही म्हणत होते की हिच्या नावात आईचं नाव येईल, फरक पडेल. पण सगळेच कागद काही आईचं नाव लावत नाहीत, आणि त्या मोठ्या पोरीचं नाव जुन्या पद्धतीचं. इथं तो पहिल्यांदा ठाम बोलला. "बाई, दोन वर्षांमागं माझं ऊसबिल वरच्या आळीच्या खात्यावर गेलतं. नाव सारखं, गट नंबर बघितला न्हाई कुणी. तो भला माणूस, त्यानं दिलं; पण मला दोन महिने हेलपाटं पडलं. चेकबुक त्याचं माझ्याकडं येतंय, माझी नोटीस त्याच्याकडं. हे पोरीच्या मागं लावू?"

मला गप्पच बसावं लागलं. वर्गातल्या चार सारख्या नावांचं मला हसू यायचं; पुढं त्याचं सातबारा आणि बँकेत काय होतं, ते तो भोगत होता. मी मोजत होते किती सान्वी आहेत. मोजायला हवं होतं ते असं, की हिचं पूर्ण नाव लिहिल्यावर ते आणखी कुणाचं होतं का.

मग प्रश्न सोपा झाला. 'सा' अक्षर, गावात नसलेलं, लिहायला ठरलेलं. तिनंच एका रात्री नवऱ्याला सांगितलं, सारजा चालेल. तिला ते नाव आवडायला लागलं होतं असं मी म्हणणार नाही, मला ती म्हणाली, "निदान कुणी 'कुठली सान्वी' विचारणार नाही."

आजीला मनवायला सगळे तयारीनं गेले. तर आजी म्हणाली, "कागदावर काय ल्ह्याचं ते ल्ह्या. मी सानूच म्हनणार." आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी तंबाखूवर घातलं.

परिणाम

एप्रिल २०२५ मध्ये, बाळ दहा महिन्यांचं असताना, नोंदीत नाव घातलं. आणि दाखला हातात आला तो 'शारजा' असा.

वडिलांनी अर्जात नीट लिहिलं होतं. खिडकीवर नाव तोंडी विचारलं गेलं आणि टंकणाऱ्यानं कानाला ओळखीचं वाटलं ते लिहिलं. चाळिशीच्या माणसाला शारजा म्हटलं की १९९८ चे तेंडुलकरचे ऑस्ट्रेलियाविरुद्धचे दोन डावच आठवतात, त्यालाही दोष कसा द्यावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात चूक दुरुस्तीची सोय आहे. अर्ज, दोघांची ओळखपत्रं आणि माहेरच्या गावी दोन फेऱ्या, त्याचे दोन दिवस बिनपगारी. आता दाखला बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून चालतो, त्यामुळं तो तसाच सोडून चाललं नसतं.

घरात ती सानू. आई लाडात असली की सान्वी. नर्स, डॉक्टर, अंगणवाडी यांच्याकडं सारजा. दवाखान्यात हाक मारली की एकटी हीच उठते, पण आईच्या कडेवर ती 'सारजा' ऐकून मान वळवत नाही, अजून तिला ते आपलं वाटत नाही. लोक विचारतात, "कुठलं हो हे नाव?" आईला दरवेळी पणजीपासून सांगावं लागतं. आधी ती कंटाळायची. हल्ली सांगताना पणजी भाकरी किती पातळ थापायची हेही सांगते, जी तिनं कधी पाहिलीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक आधी. मी शिक्षकाच्या नजरेनं पाहिलं: वर्गात दोन सान्वी असल्या तर काय, 'सान्वी अ' आणि 'सान्वी ब' म्हणू. एवढं खरंही आहे, वर्गातली पोरं त्यातून वाट काढतात. पण जिथं गाव एका आडनावाचं असतं आणि बापाच्या पिढीत सचिन, संतोष, अमोल यांचीच भरती आहे, तिथं पोरीचं नाव सगळ्यांत आधी भावकीच्या यादीशी ताडून पाहावं. अंगणवाडीची यादी त्याला पुरत नाही. आशाताई, पोस्टमन आणि सोसायटीचा सचिव, या तिघांना विचारलं असतं तर पंधरा मिनिटांत कळलं असतं.

दुसरं, आजीला आम्ही शेवटी विचारलं. सासूचं नाव हा तिचा प्रश्न होता आणि तोड तिच्याकडं तयार होती. तीन महिने आम्ही तिच्या वतीनं काळजी करत बसलो.

सान्वी ठेवायला नको होतं का? मला तसं वाटत नाही. वरच्या आळीचा तो दुसरा बाप नसता, किंवा हे घर सांगलीत विश्रामबागला राहत असतं, तर मी आजही तेच नाव ठेवा म्हटलं असतं. तिघी आया उठल्या म्हणून नाव बदलणं मला पटलं नसतं. आत्याच्या कोइम्बतूरचा हिशेब मात्र मी उगाच हट्टात काढला, तो आधी नीट ऐकायला हवा होता.

आणि बारशाची घाई. बाराव्या दिवशी हाक ठरते, ती ठरू द्यावी. कागदाला वर्ष आहे. दाखला छापण्याआधी पडद्यावर नाव दोन्ही लिप्यांत बघून घ्यायचं, तेवढं मात्र या घरानं आता पक्कं धरलंय. बाल आधार अजून काढायचं आहे. त्यासाठी बापानं नाव ठळक अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, एका कार्डावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं आहे. 'स' खाली दोन रेघा मारल्या आहेत.